डावा कान

फोटोत गुणवंतरावांना आधी दिसला तो कान. चेहरा नंतर दिसला, आणि तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. एकविशीची मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले, ओठ जरा दाबलेले, पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवून काढतात तसला फोटो. अशी मुलगी जबलपुरात कुठेही, महाराजपुरात, रांझीत, कुठल्याही ऑटोच्या रांगेत उभी असते आणि आपण तिच्याकडे पाहतही नाही. पण तिच्या डाव्या कानाची पाळी खालून चिरलेली होती, आणि ती चीर भरून येताना एक कड वर, एक कड खाली अशी जुळली होती, घाईत बटण चुकवून लावलेल्या सदऱ्यासारखी. ती पाळी गुणवंतरावांनी स्वतः दोन बोटांत धरून ठेवली होती. त्यांची मुलगी चिन्मयी चार वर्षांची असताना क्वार्टरांमागच्या झोपाळ्याच्या साखळीत तिचा डूल अडकला, आणि तिला खांद्यावर टाकून ते दवाखान्यात धावले. डॉक्टर सुई ओवेपर्यंत चिरलेल्या पाळीच्या दोन्ही बाजू त्यांनीच दाबून धरल्या होत्या. वाकडी जुळली ती त्यांच्याच बोटांनी. त्यांची बायको कुंदा ते अजून ऐकवत असे. आता अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देता देता त्यांनी पोस्टमनकडून हे पाकीट सही करून घेतलं होतं, आणि तेलाचं बोट फोटोच्या गालाला लागलं. त्यांनी ते पुसायला पाहिलं तर डाग आणखी पसरला.

पत्र चिन्मयीच्या कॉलेजचं होतं, सरकारी हिंदीत. त्यांनी ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन खेपांना शब्द कळत होते, अर्थ डोक्यात शिरत नव्हता. प्रयोगशाळा सहायकाच्या भरती परीक्षेत एका उमेदवाराच्या जागी दुसरीच मुलगी बनावट ओळखपत्र दाखवून बसली. ओळखपत्रावरचा फोटो दोघींचे चेहरे कॉम्प्युटरवर एकात एक मिसळून तयार केलेला आहे. केंद्रावर त्या दिवशी अंगठ्याचं मशीन बंद होतं. नेमणुकीच्या वेळी कागद तपासताना प्रकरण उघडकीला आलं, मूळ उमेदवारावर गुन्हा दाखल झाला आहे, पण आपल्या जागी कोण बसलं ते ती सांगत नाही. ती दुसरी मुलगी म्हणजे आपल्या कॉलेजची बी. फार्म. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी चिन्मयी गुणवंत पिंपळखुटे असावी, अशी निनावी तक्रार आली आहे. तरी विद्यार्थिनीने पालकासह गुरुवारी अकरा वाजता अनुशासन समितीपुढे शिनाख्तीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, हजर राहावं. शिनाख्त. हा शब्द त्यांचा होता. एकतीस वर्षं या शब्दाची त्यांनी भाकरी खाल्ली होती, आणि आज तोच शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने घरी आला होता. मग त्यांनी मूळ उमेदवाराचं नाव पाहिलं. ऋचा रामकृष्ण सोनकुसरे. गुणवंतराव सायकलीशेजारी खालीच बसले. वरचं चाक अजून फिरत होतं, ते थांबेपर्यंत त्यांना दुसरं काही करता आलं नाही.

फॅक्टरीच्या गेटवर पास तपासताना त्यांचा एक नियम होता: आधी कार्ड, मग माणूस. नवी पोरं उलट करत. आधी माणसाकडे पाहत, माणूस हसे, राम राम करी, भैया घर में सब ठीक, म्हणे, आणि मग कार्डावरचा फोटो त्यांना तसाच दिसू लागे. माणूस पाहिला की माया येते आणि माया आली की नजर जाते, असं गुणवंतराव म्हणत. दुसरा नियम कानाचा. दाढी वाढते, गाल बसतात, केस उडतात, चष्मा येतो. कान जन्माला येताना जसा येतो तसाच चितेवर जातो. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की हजार माणसं सायकली आणि मोटरसायकली ढकलत अंगावर येत, आणि ते त्या लोंढ्यात फक्त कान पाहत उभे राहत. रद्द झालेल्या पासांचे फोटो जाळून टाकायचे असत. त्यातले मूठभर ते खिशात घालून घरी आणत. नियमाचा माणूस म्हणवणाऱ्याने एवढं करायला नको होतं, पण पोरीला खेळायला पत्ते कशाला विकत आणायचे, असं ते स्वतःला सांगत. एकाच माणसाचा तरुणपणचा फोटो आणि निवृत्तीच्या वेळचा फोटो, अशा जोड्या लावायच्या. सहा वर्षांची चिन्मयी फरशीवर पालथी पडून चेहऱ्यांवर हात ठेवून झाकायची आणि नुसते कान बघून धडाधड जोड्या लावायची. एका कानावर भागवायचं नाही, दोन्ही पाहायचे, ते सांगत. अशा वेळी त्यांना फार बरं वाटे. पोरीला आपला हात आला, असं वाटे.

आणि रामकृष्ण. हॉलमध्ये काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र होतं, ते रामकृष्णमुळेच. चौदा वर्षं झाली. रामकृष्ण सोनकुसरे मागच्या लाइनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचा, भंडाऱ्याकडचा, मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मांडव बांधायला पुढे असायचा. त्याला कावीळ झाली, रजा संपल्या होत्या, आणि आणखी गैरहजेरी लागली तर नोकरीवरच गदा येणार होती. तेव्हा त्याचा धाकटा भाऊ बळीराम त्याचं कार्ड गळ्यात घालून पाळीला आला. दोघं भाऊ इतके सारखे की आईनेही फसावं. गुणवंतरावांनी कार्ड पाहिलं, मग कान पाहिला. रामकृष्णच्या कानाची पाळी सुटी, लोंबती. याची गालाला चिकटलेली. बळीराम हळूच म्हणाला होता, "भाऊ, दादा पिवळा पडून आहे. चार दिवसांचा प्रश्न आहे फक्त." गुणवंतरावांनी त्याला बाजूला उभं केलं आणि फोन फिरवला. फॅक्टरी संरक्षण खात्याची, तिथे चार दिवस काय, चार मिनिटंही चालत नाहीत, आणि हे खोटं नव्हतं. चौकशी झाली, रामकृष्णची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. पुढे तो शाळेच्या पोरांची ऑटो चालवतो असं कानावर आलं. गुणवंतरावांनी हा किस्सा लग्नाच्या पंगतीत सांगितला, मंडळात सांगितला, घरी आलेल्या पाहुण्यांना सांगितला. सांगताना ते शेवटी स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवत आणि लोक हसत. किस्सा त्यांच्या तोंडी इतका बसला होता की त्यात रामकृष्णची एक मुलगी होती, चिन्मयीच्याच वर्गातली, दोन वेण्यांची, हे त्यांना या घडीपर्यंत आठवलं नव्हतं.

कुंदाला त्यांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती रडली नाही. ती कणीक मळत होती, तसाच पिठाचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली की परीक्षा होती त्या रविवारी पोरगी कॉलेजचं वर्कशॉप म्हणून गेली होती आणि संध्याकाळी आली ती बोडक्या कानांनी. टॉप्स तिने कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवले होते. "मी विचारलं, काहून गं काढले? तर म्हणे कान दुखून राहिला." परीक्षेच्या केंद्रावर मुलींना कानातलं, नाकातलं, सगळं दारातच उतरवायला लावतात, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, चिन्मयीच्याच बारावीनंतरच्या परीक्षेला कुंदा पर्स उघडी धरून केंद्राबाहेर उभी होती. कुंदाने मग हात धुतले आणि आपल्या भाच्याला, सौमित्रला, फोन लावला. तो हायकोर्टात वकिली करतो. सौमित्रने आधीच बजावलं की खरं काय ते मला सांगू नका, फक्त विचारा. दुसऱ्याच्या नावावर परीक्षा देणं हे एक कलम, बनावट ओळखपत्र करून फसवणं हे दुसरं, त्यात सात वर्षांपर्यंत जाऊ शकतं. एवढी शिक्षा बहुधा होणार नाही, पण खटला चालेल तोवर सरकारी नोकरी विसरा, पासपोर्ट विसरा. कॉलेज तीन वर्षांसाठी काढेल, या वर्षाचा निकाल रद्द करेल, आणि समितीचा अहवाल त्याच दिवशी पोलिसांत जाईल. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, हे सगळं ओळख पटली तर. तो फोटो अर्धा-अर्धा आहे, कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. वडीलच नाही म्हणाले तर समिती काय करणार? फाइल बंद." फोन ठेवल्यावर कुंदा त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुम्ही नाही म्हणजा," ती म्हणाली. "एका शब्दाचं काम आहे."  गुणवंतरावांच्या डोक्यात एवढंच चाललं होतं की कान तिने का ठेवले. चेहरे मिसळताना सगळं मिसळलं, नाक, हनुवटी, कपाळ, मग कान काहून जसेच्या तसे? केंद्रावर कोण कान पाहतं? साऱ्या जबलपुरात कान पाहणारा एकच माणूस होता आणि तो निवृत्त होऊन अंगणात सायकली दुरुस्त करत बसला होता.

चिन्मयी चारला आली. पत्र टेबलावर होतं, ते तिने दारातूनच ओळखलं असावं, कारण तिने बॅग खाली ठेवली नाही. गुणवंतरावांना वाटलं होतं आपण ओरडू, हात उचलू.  त्यांनी नुसतं विचारलं, काहून? ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सांगू लागली, तिचं नेहमीचं अर्धं मराठी अर्धं हिंदी. ऋचा तीनदा परीक्षेला बसून चुकली होती. घरी सगळं येतं, हॉलमध्ये गेली की हात गार पडतात, पेन धरवत नाही. ही शेवटची खेप, यानंतर फॉर्मचे पैसे घरून मिळणार नव्हते. दोघींची मैत्री कधी तुटलीच नव्हती. ऋचाच्या वडिलांच्या ऑटोतूनच तर ती दोन वर्षं ट्यूशनला जायची, चौकात उतरायची म्हणजे बाबांना दिसायला नको. गुणवंतरावांना ती दोन वर्षं आठवली. संध्याकाळी सहाला चौकातून चालत येणारी पोरगी. ते फाटकाशी उभे राहून तिची वाट पाहायचे आणि ती रोज त्यांना दिसायची.

"आणि कान?" त्यांनी विचारलं. "कान काहून बदलले नाहीत?"

ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहत म्हणाली, "मला वाटून राहिलं होतं बाबा, सेंटरच्या गेटवर तुमच्यासारखा कान पाहणारा कोणी असला तर."

 तिला भीती पोलिसांची नव्हती, मशीनची नव्हती. बापाची होती, आणि ती भीती तिने इतक्या मन लावून त्या फोटोत जपली होती की आता सगळा पुरावा तेवढाच होता. त्यांना एकदम शरम वाटली आणि त्या शरमेत, खोटं कशाला बोला, कुठंतरी अभिमानाचा एक तुकडाही होता. तो जाणवल्यावर तर ते हादरलेच. रामकृष्णची मुलगी म्हणून केलंस का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. मग दाराकडे जाता जाता म्हणाली, "तुम्ही तो किस्सा सांगता ना, कानवाला, तेव्हा मी उठून निघून जाते. लहानपणापासून. तुम्ही कधी पाहिलंच नाही." त्यांनी आठवून पाहिलं. लग्नाची पंगत, मंडळाचा हॉल, या घरातली दिवाळी. हसणारे चेहरे सगळे आठवले, एकेकाचा कानसुद्धा आठवला. चिन्मयी त्यात कुठंच नव्हती, आणि ती नाही हे चौदा वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कुंदाने पोरीचे केस स्वतः विंचरले आणि मोकळे सोडले, दोन्ही कान झाकतील असे.  नेहमी केस बांधायची ते रबर चिन्मयीने फक्त मनगटावर चढवलं. दहीसाखर हातावर ठेवताना कुंदाने नवऱ्याला पुन्हा एकदा बजावलं, आणि ते हूं म्हणाले, पण हूं म्हणजे काय हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजपर्यंत स्कूटरवर मागे बसलेल्या पोरीचं वजन त्यांना पाठीशी जाणवत होतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, मागची दांडी धरली होती. आपल्याला खोटं बोलता येत नाही याची गुणवंतरावांना इतकी खात्री होती की त्यांनी त्याची तयारीही केली नव्हती. आपलं तोंड ऐन वेळी खरं बोलेल आणि मग जे व्हायचं ते होईल, तीन वर्षं, कोर्ट, पोरीचं तोंड, कुंदाचं तोंड, एवढं ते धरून चालले होते. भीती वाटत होती ती याचीच.

समिती म्हणजे एक लांब टेबल, तिघंजण, कोपऱ्यात लिहायला बसलेला बाबू आणि फार मोठ्याने फिरणारा पंखा. मधल्या बाई, विनीता मॅडम, आवाजाने सौम्य होत्या. त्यांचं चिन्मयीला आधीच विचारून झालं होतं आणि चिन्मयी काहीच बोलली नव्हती. हो नाही, नाही नाही. त्यांनी एक मोठा करून छापलेला फोटो गुणवंतरावांपुढे सरकवला. या छापलेल्या प्रतीवर तेलाचा डाग नव्हता. कान मात्र दुप्पट मोठा झाला होता, आणि चिरेची वरची कड आणि खालची कड टेबलापलीकडूनही दिसावी इतकी उघड होती. दिसत कोणालाच नव्हती. ते तिघं कपाळ पाहत होते, डोळे पाहत होते, एकमेकांना हनुवटी दाखवत होते.

"पिंपळखुटेजी, आप पिता हैं," मॅडम म्हणाल्या. "क्या ये आपकी बेटी है?"

आधी कार्ड. त्यांनी कार्ड पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग माणूस पाहायचा असतो. तो हाताच्या अंतरावर बसला होता. त्यांनी मान वळवली नाही.

"नहीं मॅडम," ते म्हणाले. "ये मेरी बेटी नहीं है." वाक्य सरळ निघालं, कुठं अडखळलं नाही. आणि तेवढ्यावर ते थांबलेही नाहीत. "मैं इकतीस साल फॅक्टरी के गेट पर था. पहचान होती तो मैं ही पहले बता देता."

मॅडमनी मान हलवली. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी खुर्ची जरा मागे घेतली, काम संपल्यावर घेतात तशी. बाबू लिहू लागला. गुणवंतराव त्याच्या पेनाकडे पाहत बसले. त्यांना धक्का बसला होता तो सुटल्याचा नव्हता. इतकं सोपं होतं, याचा होता. चौदा वर्षांपूर्वीही एवढंच सोपं असणार. कार्ड परत द्यायचं, चल, म्हणायचं. चार दिवसांनी रामकृष्ण पिवळे डोळे घेऊन पाळीला आला असता, आणि कोणाला कळलंही नसतं, आणि मांडव दरवर्षी बांधला गेला असता. बळीरामच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचा कान त्यांना आजही कागदावर काढून दाखवता आला असता. त्याचे डोळे कसे होते ते सांगता आलं नसतं.

शेजारी हालचाल झाली. चिन्मयीने मनगटावरचं रबर काढून दातात धरलं होतं आणि दोन्ही हातांनी केस मागे ओढत होती. तिने ते घट्ट बांधले, लहानपणी शाळेला निघताना बांधायची तसे, आणि बाबूला म्हणाली, "भैया, मत लिखिए." मग मॅडमकडे वळून, "मॅडम, मेरा बायाँ कान देख लीजिए. फोटो में भी वही है."

 बाबूने पेन उचलून धरलं. चिन्मयी बापाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना तो झेलता आला असता.

"बाबा, तुम्ही नुसतं कार्डच पाहिलं."

तेव्हा गुणवंतरावांनी मान वळवली. खिडकी तिच्या मागे होती आणि उजेड पाळीतून आरपार येत होता. चीर भरली होती तिथे कातडी पातळ आणि लाल दिसत होती. पण त्यांची नजर तिथे थांबली नाही. ती एकवीस वर्षांची होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, बहुतेक दोन महिन्यांपासून, त्या रविवारपासून. वरचा ओठ कापत होता आणि तो कापू नये म्हणून तिने खालच्या ओठाने तो दाबून धरला होता. फोटोतही तो तसाच दाबलेला होता. तीन वर्षं, त्यांच्या मनात आलं, आणि आज संध्याकाळी पोलीस. आणि घरी कुंदा, एका शब्दाचं काम म्हणाली होती. विनीता मॅडमनी फोटो अजून हातात घेतला नव्हता. त्या कितीतरी वेळ चिन्मयीकडेच पाहत राहिल्या, मग त्यांनी गुणवंतरावांना तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी त्याच शब्दांत, पण हळू.

"माझी आहे," ते म्हणाले.

ते मराठीत बोलले हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाबूला काही कळलं नाही. तो पेन तसंच धरून एकदा मॅडमकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिला. शेवटी चिन्मयीनेच त्याला सांगितलं.

"कह रहे हैं, मेरी है. लिखिए."